चालू आहे असं दिसत होतं

कूलरच्या जाळीतलं जुनं गवत ओढून काढलं की हाताला पांढरी पूड लागते. वर्षभर वाळलेल्या पाण्यातला क्षार. हात धुतले तरी ती बोटांच्या पेरांत राहते आणि दुपारपर्यंत कातडी ओढल्यासारखी होते. काल नवं गवत भरलं, टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं. ओल्या गवताचा वास खोलीभर झाला आणि मी तिथंच फरशीवर बसून राहिले. सोलापूरचा उन्हाळा लागला की मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. म्हणजे असं, की त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं, हे आठवतं.

त्या वर्षी मार्चमध्ये महेशनं आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, मी गेले नाही. आधी दर शनिवारी येणं-जाणं, मग महिन्यातून एकदा, मग नुसतं फोनवर. शेवटी एका रविवारी तो टेम्पो घेऊन आला. मिक्सर कुणाचा, कपाट कुणाचं, कूलर कुणाचा, हे आम्ही इतक्या समजुतीनं ठरवलं की टेम्पोवाल्याला वाटलं आम्ही दोघं मिळून घर बदलतोय. "ताई, तुमी पुढं बसता का?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "मी नाही येत." टेम्पो गेला. मी वर आले, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसला गेले.

टेंभुर्णीहून आई फोन करायची. ती अंगणवाडीत होती, तिला रडणाऱ्या पोरांची सवय. न रडणाऱ्यांची तिला काळजी वाटायची.

"रडलीस का?"

"नाही."

"मग रड की एकदा. मोकळी होशील."

मला जमत नव्हतं. बसायचे, वाट बघायचे, मग उठून भांडी घासायचे. ऑफिसात सगळे म्हणायचे, बाई खमकी आहे. मीही तेच समजून चालले होते.

ऑफिस नवी पेठेत, एका साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. मे महिन्यात दुपारी एकनंतर खालचा रस्ता रिकामा होतो. रिक्षावाले सीटवर आडवे होतात, दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून आत पंख्याखाली बसतात आणि डांबराचा वास जिन्यातून वर येतो. खिडकीला आम्ही जुनी चादर ओली करून बांधायचो. तासाभरात ती कडक वाळायची. मी आणि आणखी तिघं. गावातल्या लॅब, लहान दवाखाने यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो, आणि ते चालू ठेवणं हे माझं काम.

ते काम थोडं सांगायला हवं. काही प्रोग्राम असे असतात की त्यांना ना खिडकी, ना बटण. सर्व्हरवर मागच्या बाजूला ते रात्रंदिवस चालू असतात. एक लॅबच्या मशीनकडून रिपोर्ट उचलतो, दुसरा तो डॉक्टरांना आणि पेशंटला मेसेजनं पाठवतो, तिसरा जुन्या नोंदी आवरतो. त्यांना डीमन म्हणतात. कधी कधी ते पडतात, म्हणजे बंद होतात. कारण बारीकसंही पुरतं. पडले की उठवायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी. चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीतून उठून हात धुऊन मी हे काम केलेलं आहे. म्हणून शेवटी त्या सगळ्यांवर मी एक सुपरवायझर बसवला. तोही प्रोग्रामच. त्याचं काम एकच, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं आणि कुणी पडला की लगेच उठवायचा.

कुणाला कधी उठवायचं आणि कधी नाद सोडायचा, हे एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. त्यात असं होतं: सुरू झाल्यावर एक सेकंद तग धरला, तर तो नीट सुरू झाला असं समज. सेकंदाच्या आतच पुन्हा पुन्हा पडत असेल, तर थांब आणि लाल अक्षरांत मला दाखव. तो एक सेकंद मी विचार करून लिहिलेला नव्हता. फाइलीत आधीपासून होता. मी तसाच राहू दिला.

सुपरवायझर बसवल्यावर माझे रविवार मोकळे झाले. महेश तेव्हा येत होता. आम्ही तलावावर जायचो, शेंगा खायचो. हेही त्या यंत्राचंच देणं, असं तेव्हा वाटायचं.

यासीनभाई आमचे जुने गिऱ्हाईक. बाजारामागच्या गल्लीत त्यांची लॅब. पन्नाशी उलटलेले, पांढरा शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. आमचं सॉफ्टवेअर घेण्याआधी एखाद्या पेशंटचा रिपोर्ट गंभीर आला की ते स्वतः डॉक्टरांना फोन लावायचे. "डॉक्टर के कान में डाला, तो मेरा काम हुआ," म्हणायचे. मीच त्यांना सांगितलं, "भाई, आता त्याची गरज नाही. रिपोर्ट तयार झाला की आपोआप जातो."

"और नहीं गया तो?"

"जातोच. आणि प्रोग्राम पडला तर उठवायला सुपरवायझर आहे."

त्यांनी ते दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. मग त्यांचे फोन हळूहळू बंद झाले.

तो मे महिन्यातला मंगळवार. आमच्याकडे पाण्याचा दिवस होता, म्हणून सकाळी सगळी भांडी भरून, वर झाकणं ठेवून निघाले. ऑफिसात साडेदहाला स्क्रीन उघडला. एकाखाली एक प्रोग्रामची नावं, प्रत्येकापुढं हिरव्या अक्षरांत 'रनिंग', आणि त्याच्यापुढं तो किती वेळ चालू आहे ते. बाकीच्यांपुढं दिवस लिहिलेले होते. रिपोर्ट पाठवणाऱ्यापुढं चार सेकंद. मी शब्द वाचला, आकडा वाचला नाही. बाराला पुन्हा पाहिलं, सगळं हिरवं. डबा खाल्ला, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. दोनला पुन्हा पाहिलं. नंतर मी त्या तीन वेळा पुष्कळदा आठवून पाहिल्या. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता याबद्दल मला शंका नाही. एक वाजता महेशचा मेसेज आला होता, गॅसच्या कार्डाबद्दल. त्याला मी 'ठीक' असं उत्तर दिलं होतं. ते मेसेजमधलं 'ठीक' आणि स्क्रीनवरचं 'रनिंग', दोन्हींकडं मी सारखंच पाहत होते.

साडेतीनला यासीनभाईंचा फोन आला. सकाळी ते करकंबला भाचीच्या लग्नाला गेले होते, नुकतेच परतलेले.

"मॅडम, सुबह से एक भी रिपोर्ट गया नहीं. लोगां आके खड़े हैं."

"भाई, इथं तर चालू दिसतंय."

"दिसता होगा. गया नहीं."

मी नोंदी उघडल्या. सकाळी दहा वीसपासून त्याच तीन ओळी. सुरू झाला. रिपोर्ट घेतला. पडला. सुरू झाला. रिपोर्ट घेतला. पडला. कुणाच्या तरी रक्तातला एक आकडा मशीनच्या मापाबाहेर गेला होता, म्हणून मशीननं आकड्याआधी 'पेक्षा जास्त'ची खूण टाकली होती. दोन वर्षांपूर्वी तो प्रोग्राम मीच लिहिला होता, आणि आकड्याच्या जागी नुसता आकडाच येणार असं धरून चालले होते. खूण दिसली की तो कोलमडायचा. रिपोर्ट रांगेत पहिल्या जागी तसाच राहायचा. सुपरवायझर उठवायचा, तो पुन्हा तोच रिपोर्ट उचलायचा, पुन्हा पडायचा. मात्र दर वेळी पडण्याआधी सातेक सेकंद टिकायचा, कारण मेसेज कंपनीशी जोडणी व्हायला तेवढा वेळ लागतो. मी मागितला होता एक सेकंद. तो सात देत होता. त्यामुळं लाल अक्षरं कधी आलीच नाहीत. त्या पाच तासांत तो दोन हजारांहून जास्त वेळा पडला आणि तितक्याच वेळा उठला. मागची रांग जागची हलली नाही.

दहा मिनिटांत मी तो रिपोर्ट बाजूला काढला. अडकलेले सगळे मेसेज एकामागून एक निघून गेले. यासीनभाईंना फोन करून "गेले" म्हटलं आणि चहा घेतला. तेव्हा बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही.

गुरुवारी यासीनभाई स्वतः जिना चढून आले. कधी येत नसत. पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"उस दिन के रिपोर्ट में एक राजय्या थे," ते म्हणाले. "चादरीच्या कारखान्यात होते पहले. किडनी का त्रास. दर आठवड्याला रक्त देनेकू आते थे. पोटॅशियम बहोत बढ़ा था."

मी लॅबवाल्यांबरोबर इतकी वर्षं काम करते. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबतं, एवढं मला माहीत होतं.

"रिपोर्ट सुबह साडेदस को तयार था," ते म्हणाले. "डॉक्टरने पावणेचारला देखा. फोन किया, लडकी रिक्षा में लेके निकली. दवाखान्याच्या दारात गेले."

मी विचारलं, "लवकर गेला असता तर?"

"डॉक्टर बोले, पाच घंटे पहले आते तो कुछ करते. बचते ही, ऐसा नहीं बोले." मग म्हणाले, "फोन करना मैंने छोड़ा. गलती मेरी भी है."

मी म्हटलं, "तुम्ही मी सांगितलं म्हणून सोडलंत." खाली साड्यांच्या दुकानात कुणीतरी हसत होतं.

आमच्या सरांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी पंखा वाढवला आणि विचारलं, "कुणी काही विचारलंय का?" मी नाही म्हटलं. "मग आपण विषय कशाला काढायचा?" मी काय घडलं ते दोन पानांवर लिहून त्यांना दिलं. त्यांनी वाचलं आणि खणात ठेवलं. मी माझ्या जागेवर आले, ती फाइल उघडली, एक खोडून साठ लिहिलं. कुणी तासात दोनदा पडला तर माझ्या फोनवर कळवायची ओळही घातली. यासीनभाईंनी पुन्हा स्वतः फोन करायला सुरुवात केली. सगळं नीट झालं. राजय्या गेल्यानंतर सगळं नीट व्हायला एक दुपार लागली.

तीन आठवडे मी रोज ऑफिसला गेले, भाजी आणली, आईशी बोलले. आत काहीतरी व्हायला हवं होतं, ते होत नव्हतं. मग एका सकाळी यासीनभाईंकडून पत्ता घेतला. "मैं आता साथ में," ते म्हणाले. मी म्हटलं, "नको भाई, एकटीच जाते."

पूर्व भागातल्या त्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट सुरू होते आणि थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी होते. दारं उघडी होती. उंबऱ्यापाशी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास गल्लीभर. घराघरांत तेलुगूत बोलणं चाललेलं. दोन खोल्यांचं घर. राजय्यांची मुलगी पद्मा पस्तिशीची असेल. (नावं मी बदलली आहेत.) तिच्याही मांडीवर सूप होतं. भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याला हार.

"कोण पायजे?"

"मी यासीनभाईंच्या लॅबचं काम बघते. मेसेजचं."

"बसा की."

मी बसले आणि सगळं सांगितलं. खूण, रांग, सात सेकंद, तीन वेळा पाहिलेला स्क्रीन. वेळा मिनिटासकट सांगितल्या. तिची बोटं चालूच होती. पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे. मला वाटलं तिला कळत नसेल. पण माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तुमी तवा कुटं होता?"

"समोरच बसले होते."

"मग?"

"चालू आहे असं दिसत होतं."

तिनं दोरा दातानं तोडला. एक विडी पुरी केली, दुसरं पान घेतलं आणि ते हातातच धरून राहिली. ओरडेल, उठून जा म्हणेल, असं मला वाटलं होतं. तेच ऐकायला मी आले होते बहुतेक.

"डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "बारापर्यंत मेसेज न्हाय आला तर लॅबमधे जाऊन कागद आण. लॅब काय लांब न्हाय. दहा मिन्टं. पण त्या दिवशी माल द्यायचा होता." तिनं सुपाकडं बोट केलं. "फोन हितं ठेवला होता, सुपात. वाजला न्हाय. नायना म्हणाला, पाय गळाल्यासारखे वाटतेत. मी म्हणलं पडा जरा, मेसेज तर आला न्हाय. आला न्हाय म्हणजे बरं हाय."

नायना म्हणजे वडील.

"मी बी समोरच बसलेली की," ती म्हणाली.

आतल्या खोलीत मडक्याखाली ठेवलेल्या ताटलीत पाणी ठिबकत होतं. ती उठली, मला पाणी दिलं, स्वतः प्यायली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझा अन्ना, थोरला भाऊ, भिवंडीला असतो, मागावर. नायनाचा लई जीव त्याच्यावर. त्याला मी एवढंच सांगितलं, मेसेज उशिरा आला. डॉक्टरांनी बारा वाजताचं सांगितलं होतं, ते त्याला ठाऊक न्हाय. त्याला बोलू नका."

"नाही बोलणार."

मी स्वतःचं ओझं तिच्यापुढं ठेवायला गेले होते आणि येताना तिचंही घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळेना. भर उन्हात उभी होते. डोकं तापलं, चपलेतून पाय भाजले, ते सगळं कळत होतं. त्यापलीकडचं काही नाही.

श्रावणात तिच्या अन्नाचा फोन आला. नंबर यासीनभाईंकडून घेतला होता. मागे यंत्रमाग चालू होते, त्यामुळं तो मोठ्यानं बोलत होता, पण आवाजात राग नव्हता.

"मॅडम, पद्मा सांगती तुमी घरी येऊन गेला. मेसेज उशिरा म्हणजे किती उशिरा?"

मी त्यालाही सगळं सांगितलं. साडेदहा, बारा, दोन, साडेतीन. माझी चूक कुठं झाली, कितीदा झाली, कशी लक्षात यायला हवी होती. शेवटी तो म्हणाला, "मेसेज न्हाय आला तर काय करायचं, हे डॉक्टरांनी पद्माला सांगितलं नव्हतं का?"

माग खटखटत होते.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

त्या वर्षी मी जे काही केलं त्यात एवढी एकच गोष्ट मी समजून-उमजून केली, आणि ती खोटी होती. चुकीबद्दल माझ्याजवळ कारणं होती, यंत्राची, माणसांची, उन्हाचीसुद्धा. या वाक्याला कारण लागलं नाही. ते तिच्यासाठी बोलले, की आता पुन्हा काही सांगावं लागू नये म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग पाऊस गेला. घटस्फोटाच्या कागदांवर महेशच्या सह्या झाल्या. मी ऑफिस बदललं नाही. पद्मा अधूनमधून फोन करते. कधी कुठला अर्ज वाचून दाखवायचा असतो, कधी नुसतंच, "जेवला का?" वडिलांचा विषय आम्ही काढत नाही. रोज सकाळी मी स्क्रीन उघडते आणि आधी आकडे वाचते. नव्या लोकांनाही तेच शिकवते. ते मान हलवतात. महिनाभरानं ते पुन्हा नुसता हिरवा शब्द बघायला लागतात. मी पुन्हा सांगते.

आज सकाळी पोळ्या लाटत होते, तेव्हा पद्माचा फोन आला.

"अन्ना आलाय भिवंडीवरनं. काल सांगितलं त्याला."

मी गॅस बंद केला. "काय सांगितलंस?"

"बारा वाजताचं. डॉक्टरांनी सांगितलेलं. तीन वर्षं झाली, किती दिवस धरून ठेवायचं."

"मग? रागावला?"

"न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज नीट लागत नव्हता. "म्हणला, मला ठाऊक हाय. पहिल्या वर्षापासनं ठाऊक हाय. मी म्हणलं, कुणी सांगितलं? तर म्हणला, त्या मॅडमनी. मी म्हणलं, त्या कशा सांगतील, मी त्यांना न्हाय म्हणलेलं. तर म्हणला, त्या बाईनं मला मिनिट न् मिनिट सांगितलं, स्वतःचं काय बी लपवलं न्हाय, अन् तेवढं एकच विचारल्यावर म्हणाली माहीत नाही. तवाच कळलं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"तीन वर्षं मला काय बोलला न्हाय ओ," पद्मा म्हणाली, आणि मग ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून राहिले. तिचं रडणं थांबलं तेव्हा मला कळलं, की मघापासून मीही रडत होते.